ऑक्सफर्डमध्ये आग्रह होत नाही

पहिल्या फॉर्मल डिनरला मी सात मिनिटं उशिरा पोचले. विद्यार्थ्यांचा काळा गाऊन काखेत, केस ओले, जिना चढून धाप लागलेली. हॉलचं दार बंद होतं. दाराशी उभ्या माणसाने अगदी मऊ आवाजात सांगितलं, ग्रेस, म्हणजे जेवणाआधीची प्रार्थना, होऊन गेली, आता आत सोडता येणार नाही. मी तिथेच जिन्यात उभी राहिले. मनात असं, की आतून कुणीतरी येईल आणि 'अगं ये ना, सरकून बसू' म्हणेल. आतून काट्या-चमच्यांचा आवाज येत होता. कुणी आलं नाही. खोलीवर जाऊन दोन टोस्ट खाल्ले आणि उपाशीपोटीच म्हणावं तशी झोपले. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुझा बेत बदलला असेल."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याला आग्रहाची सवय असते. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा वाढून घ्यायचं. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या 'नको'लाच ताट उचललं जातं. बोलावणंही एकदाच येतं, तेही ईमेलने, चाळीस जणांना एकत्र. तेच खरं बोलावणं असतं हे कळायला मला एक अख्खी टर्म लागली.

मी तिथे एमफिलसाठी दोन वर्षं होते. दुसऱ्या वर्षी आमच्या एमसीआरची, म्हणजे कॉलेजातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संघटनेची, सोशल सेक्रेटरी झाले, म्हणजे ते चाळीस जणांना जाणारे ईमेल मीच लिहू लागले. आता दर सप्टेंबरात ओळखीच्या कुणाची तरी मुलगी नाहीतर भाचा फोन करतो आणि विचारतो, कुकर न्यावा का, थंडी कितपत असते. कुकर तिथे मिळतो, थंडी आपोआप कळते. जे आपोआप कळत नाही ते इथे लिहिते आहे. माझ्या कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे माझ्या बऱ्याच फजित्या येणार आहेत.

आधी आठवडे मोजायला शिका

वर्षाच्या तीन टर्म: ऑक्टोबरात सुरू होते ती मिकलमस, जानेवारीतली हिलरी आणि एप्रिलअखेर उजाडणारी ट्रिनिटी. प्रत्येक टर्म फक्त 8 आठवड्यांची. तिथे तारखेने कुणी बोलत नाही. 'थर्ड वीक, थर्सडे' म्हणतात आणि तुम्हाला ते कळलंय असं धरून चालतात. आठवडा रविवारी सुरू होतो. पहिल्या आठवड्याच्या आधीचा शून्यावा, तो 'नॉथ वीक'. नव्या मुलांचे बहुतेक कार्यक्रम त्यातच उरकतात, म्हणून विमानाचं तिकीट त्यानंतरचं काढू नका. दोन दिवसांचं भाडं वाचतं, पण सगळ्यांच्या एकमेकांशी ओळखी होऊन गेल्यावर आपण बॅग ओढत पोचतो.

एका मोठ्या कागदावर आठ ओळी आणि सात रकाने आखा आणि भिंतीवर लावा. कॉलेजचं आणि तुम्ही ज्या मंडळांत जाल त्यांचं टर्मकार्ड, म्हणजे टर्मभराच्या कार्यक्रमांची यादी, आली की त्यातलं हवं ते लगेच या कागदावर चढवा. पाचव्या आठवड्यात सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो, त्याला 'फिफ्थ वीक ब्लूज' असं नावच आहे. त्या आठवड्याच्या ओळीत काहीतरी सोपं आणि माणसांत बसायचं आधीच लिहून ठेवा, कारण तेव्हा ते ठरवायची ताकद नसते.

वेळेचं आणखी एक गौडबंगाल आहे. रेल्वेच्या आधी ऑक्सफर्डचं स्थानिक घड्याळ ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे असायचं. क्राइस्ट चर्च कॉलेजातली 'ग्रेट टॉम' ही घंटा आजही रात्री 9 वाजून 5 मिनिटांनी 101 टोल देते. जुन्या हिशेबाने तेव्हा नऊ वाजलेले असतात, आणि 101 हा मूळच्या 100 विद्यार्थ्यांत नंतर भर पडलेल्या एकाला धरून झालेला आकडा. व्याख्यानंही साधारण तासावर पाच मिनिटं झाली की सुरू होतात. हे मला पहिल्याच दिवशी कुणीतरी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, आणि म्हणूनच मी त्या फॉर्मलला निवांत निघाले. माझ्या हिशेबाने मी दोनच मिनिटं उशिरा होते. जेवणाला ही सवलत नसते, एवढं लक्षात ठेवा.

राहता ते कॉलेजात

बाहेरून एकच विद्यापीठ दिसतं. आत तीसहून जास्त कॉलेजं आहेत आणि तुमचं खाणं-पिणं-झोपणं, मित्र, भांडणं, सगळं त्या एका कॉलेजाभोवती फिरतं. बहुतेकांचा स्वतःचा हॉल, ग्रंथालय, बार, चॅपल आणि नावा. नियम असा की पदवीच्या विद्यार्थ्याने टर्ममध्ये कारफॅक्स या मधल्या चौकापासून 6 मैलांच्या आत राहायचं. पदव्युत्तर वाल्यांना 25 मैलांची सूट आहे. पण तुम्ही पहिल्या वर्षी कॉलेजची खोली मिळत असेल तर ती सोडू नका, लांबची कितीही स्वस्त असली तरी. रात्री दहानंतरच्या, दारात उभं राहून झालेल्या गप्पांतूनच माझ्या सगळ्या मैत्र्या झाल्या.

काही शब्द आधीच माहीत असलेले बरे. लॉज म्हणजे फाटकाशी असलेली पोर्टरांची खोली. 'पिज' म्हणजे तिथला तुमचा टपालाचा खण. स्काउट म्हणजे खोल्यांची साफसफाई करणारी माणसं. बॅटल्स म्हणजे कॉलेजचं बिल. हे दर टर्मला धाडकन येतं, तेव्हा फॉर्मलला घातलेले पैसे मनात धरून ठेवा. जेसीआर ही पदवीच्या मुलांची संघटना आणि त्यांचा बसायचा हॉलही, एमसीआर पदव्युत्तरांची. एका कॉलेजचं नाव मॅग्डलेन लिहितात आणि मॉडलिन म्हणतात. हे चुकलं तर कुणी हसत नाही, पण पुढच्या वाक्यात ते हळूच बरोबर उच्चार करतात, ते जास्त लागतं.

पोर्टरांशी पहिल्या आठवड्यात नावासकट ओळख करून घ्या. खोलीची किल्ली विसरून रात्री अडीचला मी बाहेर उभी राहिले आहे, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी पोर्टरने किल्ली देताना माझं नाव न विचारता वहीत लिहिलं. कोणता जिना कुठे जातो, कुठल्या प्राध्यापकांना बागेतल्या हिरवळीवर चाललेलं खपत नाही (हिरवळीवर चालू नका, ती बहुतेक ठिकाणी फेलो मंडळींची, म्हणजे कॉलेजच्या प्राध्यापकांची, असते), कोण आजारी आहे, हे त्यांना सगळं ठाऊक असतं. स्काउटबाई सकाळी दार वाजवतात तेव्हा अंथरुणातून ओरडून 'नंतर या' म्हणू नका, उठून बोला. माझ्या जिन्यावरच्या बाईंनी मला ताप होता हे माझ्या सुपरवायझरच्या आधी ओळखलं.

पदवीला जाणाऱ्यांसाठी एक गंमत. बऱ्याच कॉलेजांत दुसऱ्या वर्षाची मुलं आपसात जोड्या लावून 'लग्न' करतात आणि नव्या मुलांना त्यांची 'मुलं' म्हणून वाटून दिली जातात. म्हणजे पोचण्याआधीच तुमच्या कॉलेजी आईबाबांचं पत्र येतं. लाजून उत्तर द्यायचं टाळू नका. वह्या, जुनी पुस्तकं, कोणत्या ट्यूटरला काय चालतं, ही माहिती याच वंशपरंपरेने खाली येते.

फॉर्मल: रीतसर

फॉर्मल म्हणजे गाऊन घालून मेणबत्त्यांच्या उजेडात तीन पदार्थांचं जेवण. काही कॉलेजांत रोज असतं, काहींत आठवड्यातून एकदा. पहिल्यांदा जाताना पोटात गोळा येतो तो लांबलचक काट्या-चमच्यांच्या रांगेमुळे. ती गोष्ट अगदीच सोपी आहे: बाहेरच्यापासून सुरू करा, पुढचा पदार्थ आला की आतला घ्या. अडलं तर समोरच्याचं बघा. तोही तुमचंच बघत असतो.

खरी काळजी नावनोंदणीची. ती दोन-तीन दिवस आधी बंद होते आणि लोकप्रिय फॉर्मलच्या जागा काही मिनिटांत संपतात. शाकाहारी असाल तर नोंदणीतच तसं लिहा आणि जेवताना वाढप्याला पुन्हा एकदा सांगा. आयत्या वेळी सांगितलं तर बटाटे आणि गाजरं मिळतात, तीही चेहऱ्यावर दिलगिरी घेऊन. पेय कॉलेजचं असतं की आपली बाटली आपण न्यायची, हे कॉलेजागणिक बदलतं, विचारून घ्या.

हॉलमध्ये वेळेआधी दहा मिनिटं या आणि ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्या सोबत आत शिरा. एकदा बसलं की हलता येत नाही. बऱ्याच हॉलांत खुर्च्या नसतात, लांब बाकं असतात. भिंतीकडच्या बाजूला जागा मिळाली तर गाऊन सावरत बाकावरून उडी मारल्यासारखं आत जावं लागतं. घट्ट स्कर्ट घालू नका. हातोडी वाजली की सगळे उठतात, हाय टेबलची, म्हणजे प्राध्यापकांच्या टेबलाची, मंडळी रांगेने येतात, लॅटिनमधली ग्रेस होते. कुठे ती लांब असते, कुठे 'बेनेडिक्टस बेनेडिकात' या दोन शब्दांत आटोपते. मग बसायचं. हाय टेबल उठेपर्यंत आपण उठायचं नाही, मोबाइल काढायचा नाही.

डाव्या-उजव्या दोन्हीकडच्यांशी बोलायचं, एकाशीच गुंतून पडायचं नाही. 'तू काय शिकतोस' हा प्रश्न विचारला जाणारच, त्याचं अर्ध्या मिनिटाचं उत्तर तयार ठेवा. माझा विषय मी पहिल्या महिन्यात दर वेळी सहा मिनिटं समजावत असे आणि सूप गार होत असे.

पेनीइंग नावाचा एक आचरट प्रकार आहे: कुणी तुमच्या पेल्यात नाणं टाकलं की पेला एका दमात संपवायचा. बऱ्याच कॉलेजांनी यावर बंदी घातली आहे. 'मी हे खेळत नाही' म्हणा, पेला बदलून मागा, विषय संपतो. खेळाडूंच्या संघांची 'क्रूडेट' नावाची जेवणं असतात, तिथे 'स्कॉन्स' होतो, म्हणजे कुणीतरी उभं राहून 'ज्याने अमुक केलंय त्याने प्यावं' असं जाहीर करतं. पेल्यात पाणी असलं तरी चालतं. मी दोन्ही वर्षं पाणी प्यायले आणि पाण्याने भरलेला पेला मोठ्या थाटात रिकामा केला, लोक हसले, एवढंच.

दुसऱ्या कॉलेजच्या कुणी तुम्हाला पाहुणी म्हणून बोलावलं तर दोन गोष्टी करायच्या. दुसऱ्या दिवशी एक छोटं हाताने लिहिलेलं आभारपत्र त्याच्या पिजमध्ये पोचतं करा, आणि तीन आठवड्यांच्या आत त्याला तुमच्या कॉलेजात बोलवा. फॉर्मलची उसनवारी अशी चालते. वर्षभरात मी नऊ कॉलेजांचे हॉल पाहिले ते सगळे या देवाणघेवाणीत. दिवाळी साधारण मिकलमसमध्ये येते आणि काही कॉलेजांत त्यानिमित्त खास फॉर्मल होतं. ते आपलं म्हणून गृहीत धरू नका, त्याच्याच जागा सगळ्यात आधी जातात.

काळा-पांढरा पोशाख आणि फुलं

सब फस्क म्हणजे परीक्षेचा आणि मॅट्रिक्युलेशनचा (विद्यापीठात रीतसर दाखल होण्याच्या समारंभाचा) पोशाख. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'गडद तपकिरी', प्रत्यक्षात सगळं काळं-पांढरं. गडद सूट, किंवा गडद पँट वा स्कर्ट, काळे बूट, साधा पांढरा कॉलरचा शर्ट किंवा ब्लाउज, गळ्याला पांढरा बो टाय, काळा बो टाय, काळा लांब टाय किंवा काळी रिबन, यातलं एक. वर गाऊन आणि हातात चौकोनी टोपी. पँट घातली तर मोजे गडद हवेत, स्कर्ट घातला तर काळे टाइट्स. माझे मोजे करडे होते, त्यावरून मी परीक्षेच्या दारात पाच मिनिटं टाचा झाकून उभी राहिले. टोपी इमारतीत डोक्यावर चढवायची नाही, हातात धरायची. बूट इथूनच न्या आणि आधी महिनाभर वापरून मऊ करा. 2015 साली विद्यार्थ्यांनी मतदान घेतलं, हा पोशाख सक्तीचा ठेवायचा का म्हणून. तीन चतुर्थांशाहून अधिक मतं 'ठेवा' अशी पडली. मला आधी आश्चर्य वाटलं होतं.

मग परीक्षा आली आणि थोडं कळलं. पहिल्या पेपरला छातीवर पांढरं कार्नेशन लावायचं, मधल्या पेपरांना गुलाबी, शेवटच्याला लाल. गोष्ट अशी सांगतात की पूर्वी एकच पांढरं फूल असायचं आणि दोन पेपरांमध्ये ते लाल शाईच्या दौतीत उभं करून ठेवायचे, म्हणून शेवटाला ते लालभडक व्हायचं. खरं-खोटं कोण जाणे. पण फूल स्वतः विकत घ्यायचं नाही, दुसऱ्याने आणून द्यायचं असतं. माझं पांढरं फूल मी विकत घेणारच होते. सकाळी खोलीचं दार उघडलं तर हँडलला ओल्या टिश्यूत गुंडाळून तिन्ही फुलं टांगलेली, पेपरांच्या वेळा लिहिलेल्या चिठ्ठीसकट. वरच्या मजल्यावरच्या मुलीने ठेवली होती. तिच्याशी माझं तोवर फारतर दहा वेळा बोलणं झालं असेल. तेव्हा तुमच्या जिन्यावर कुणाची परीक्षा कधी आहे हे माहीत करून घ्या आणि आदल्या संध्याकाळी फुलं घेऊन ठेवा. हाय स्ट्रीटवरच्या परीक्षागृहाबाहेर सकाळी घामाघूम, फुलाविना आलेली मुलंही दिसतात, म्हणून मी नंतर दर वेळी दोन जादा न्यायचे. पिन न्यायला विसरू नका.

शेवटचा पेपर संपला की मित्र बाहेर उभे राहून रंग, फेस, कागदाचे तुकडे उधळतात, त्याला ट्रॅशिंग म्हणतात. विद्यापीठाला ते मुळीच आवडत नाही आणि दंड होतो. रस्ता झाडणाऱ्यांनाही आवडत नाही. मित्राला मिठी मारा, नदीकाठी घेऊन जा.

मंडळांचा बाजार

फ्रेशर्स फेअरमध्ये शेकडो टेबलं असतात आणि प्रत्येकजण तुमचा ईमेल मागतो. मी एकतीस ठिकाणी दिला. ऑक्टोबरअखेरीस दिवसाला साठ ईमेल येत होते आणि कामाचं पत्र त्यात बुडालं. तीन मंडळं निवडा: एक तुम्हाला येत असलेलं, एक अजिबात न येणारं, एक ज्यात तुमच्या विषयाचं कुणीही नसेल.

ऑक्सफर्ड युनियन ही 1823 साली सुरू झालेली वादसभा. ती विद्यार्थी संघटनेपासून वेगळी आहे, हा घोळ सगळेच करतात. तिचं आजीवन सदस्यत्व एकरकमी आणि चांगलंच महाग असतं. आधी एखाद्या सदस्याला विचारून, उघड्या कार्यक्रमाला जाऊन बघा. माझ्या दोन मित्रांनी पैसे भरले. एक दर गुरुवारी जायचा, दुसरा एकदाच गेला.

नाव वल्हवायला जा, येत नसलं तरी

त्या तीनांतलं अजिबात न येणारं माझ्यासाठी रोइंग होतं. माझी उंची पाच फूट. फेअरमधल्या बोट क्लबच्या मुलीने मला वरून खाली बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. कॉक्स हवी होती. कॉक्स म्हणजे मागे बसून सुकाणू धरणारी. आठ वल्हेकरी नावेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून वल्हवतात, त्यामुळे पुढे काय आहे हे त्या नावेत एकट्या कॉक्सलाच दिसतं. हलकी आणि ओरडता येणारी व्यक्ती लागते. दोन्ही गोष्टींत मी बसत होते.

आधी पोहण्याची चाचणी द्यावी लागते, ती कपड्यांसकट. मग मिकलमसच्या पहाटे, अंधारात, क्राइस्ट चर्चच्या कुरणापलीकडच्या बोटहाउसपर्यंत सायकलने. तिथल्या थेम्सला आयसिस म्हणतात. नदीला लाल बावटा लागला, म्हणजे पाण्याला ओढ जास्त, की नाव उतरत नाही. मिकलमसमधली नवशिक्यांची शर्यत पुरामुळे वारंवार रद्द होते. तेव्हा पहिली टर्म बरीचशी जिममध्ये आणि न्याहारीच्या टेबलावर जाते. खरं मैत्र त्या न्याहारीत जमतं, म्हणून सराव रद्द झाला तरी न्याहारीला जायचं.

मोठ्या शर्यती दोन: हिलरीतली टॉर्पिड्स आणि ट्रिनिटीच्या पाचव्या आठवड्यातली समर एट्स. नदी अरुंद, नावा शेजारी शेजारी मावत नाहीत. म्हणून एकामागे एक, दीडेक नावेचं अंतर ठेवून उभ्या करतात आणि पुढचीला जाऊन धडकायचं. ती धडक म्हणजे 'बंप'. धडकलात की दुसऱ्या दिवशी तुमची जागा एक वर, तिची एक खाली. असे चार दिवस. शेवटी ज्या क्रमाने नावा राहिल्या त्याच क्रमाने पुढच्या वर्षी सुरुवात होते; म्हणजे तुम्ही जिथे बसता ती जागा तुमच्या आधी त्या कॉलेजात शिकून गेलेल्यांनी कमावलेली किंवा घालवलेली असते.

सुरुवातीला कॉक्सच्या हातात काठाला बांधलेल्या दोरीचं टोक असतं, ती बंगलाइन. दोरी ताणलेली हवी, नाहीतर नाव अंतर सोडून पुढे सरकते. तोफ वाजली की दोरी सोडायची. पहिल्या दिवशी तोफ वाजली, आठही वल्ही पाण्यात गेली, आणि मी दोरी सोडलीच नाही. मुठीतून ती सर्रकन ओढली गेली, तळहात सोलून निघाला, नावेचं तोंड काठाकडे वळलं आणि मागच्या नावेने आम्हाला अक्षरशः सात-आठ वल्ह्यांत गाठलं. बंप मान्य आहे हे सांगायला कॉक्सने हात वर करायचा असतो. मी तो सोललेला हात वर केला. माझ्या नावेतल्या मुली मागे काय झालं ते दिसत असल्यामुळे आधीच हसायला लागल्या होत्या. पुढचे दोन दिवसही आम्ही मार खाल्ला, चौथ्या दिवशी एक बंप केला. चारही दिवस बंप केलेल्या नावेला 'ब्लेड्स' मिळतात, म्हणजे नावं रंगवलेलं वल्हं. रोज मार खाणाऱ्यांच्या नशिबी 'स्पून्स', चमचे. आम्हाला दोन्ही नाही.

नावेत बसायचं नसेल तर एट्सच्या शनिवारी नुसतं काठावर उभं राहायला तरी जा. कॉलेजचा मफलर किंवा टीशर्ट घाला, आपल्या नावेबरोबर काठाने पळा. अनोळखी लोक तुमच्या खांद्यावर हात टाकतील.

वेडेपणाचं कॅलेंडर

1 मेच्या सकाळी 6 वाजता मॉडलिनच्या मनोऱ्यावरून गायक मुलं लॅटिन स्तोत्र गातात. खाली हाय स्ट्रीट आणि पूल माणसांनी भरलेला, आणि तेवढी मिनिटं सगळे गप्प. मग घंटा वाजतात, मॉरिस नावाचा लोकनाच सुरू होतो. बरेच जण रात्रभर जागून येतात. मी म्हणेन झोपून, पावणेपाचला उठून जा, नाहीतर गाण्याच्या वेळी डोळे मिटतात. पुलावरून नदीत उडी मारायची खुमखुमी कुणाला आली तर त्याला धरा. 2005 साली पाणी उथळ असताना उड्या मारून बरेच जण जखमी झाले होते.

मर्टन कॉलेजात ऑक्टोबरअखेरीस घड्याळं एक तास मागे जातात त्या रात्री विद्यार्थी गाऊन घालून, हातात पोर्टचा पेला घेऊन एका चौकाभोवती तासभर उलटं चालतात. काळाचा तोल जाऊ नये म्हणून, असं ते गंभीर चेहऱ्याने सांगतात. ही परंपरा 1971 ची. विद्यार्थ्यांनी थट्टेत सुरू केलेली. कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात ट्रिनिटीत कासवांची शर्यत असते आणि कासवाची निगा राखायला विद्यार्थ्यांतून एक पदाधिकारी निवडला जातो. असेन्शन डे या ख्रिस्ती सणाला ब्रेझनोज आणि लिंकन या शेजारच्या कॉलेजांमधलं एक दार उघडतं आणि ब्रेझनोजच्या मुलांना लिंकनमध्ये आयव्हीचा स्वाद दिलेली बिअर मिळते. असल्या ठिकाणी त्या कॉलेजातली एक ओळख पुरते. म्हणूनही ती आभारपत्रं लिहायची.

ट्रिनिटीत पंटिंग करा, म्हणजे सपाट तळाची नाव लांब काठीने ढकलत न्या. ऑक्सफर्डात नावेच्या उतरत्या टोकाला, आत उभं राहून काठीने ढकलतात. केंब्रिजवाले दुसऱ्या टोकाच्या फळीवर उभे राहतात आणि दोघांनाही दुसरा अडाणी वाटतो. काठी सरळ खाली सोडायची, तळ लागला की ढकलायचं, मग थोडी पिळून वर ओढायची. चिखलात रुतली तर सोडून द्या. काठीला धरून राहिलात तर नाव पुढे जाते आणि तुम्ही काठीवर. दोरी न सोडणारी मी इथे काय केलं असेल हे सांगायला नको. चारवेल नदीचं पाणी मे महिन्यातही गार असतं.

ट्रिनिटी संपता संपता मोठे बॉल, म्हणजे रात्रभराचे नाच-मेजवानीचे समारंभ, होतात, तिकीट काही शे पौंडांचं. परवडत नसेल तर अर्ध्या रात्रीच्या पाळीला काम करायला नाव द्या, बऱ्याच बॉलमध्ये उरलेली अर्धी रात्र तुमची असते.

सगळ्यालाच मान डोलवायची नाही

कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि 1889 मध्ये ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात गेल्या. तिथे कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. 1892 मध्ये खास परवानगी काढून त्यांनी कायद्याच्या बीसीएल पदवीची परीक्षा दिली. पदवी मिळाली 1922 मध्ये, कारण बायकांना पदवी न देणं हीसुद्धा तिथली परंपरा होती आणि ती 1920 पर्यंत टिकली. कुणी 'इथे असंच चालतं' म्हणून तुमच्यावर काही लादू लागलं, पेल्यातलं असो नाहीतर बोलण्यातलं, तर मला ही तीस वर्षं आठवतात. कॉलेजात वेल्फेअरचे विद्यार्थी प्रतिनिधी असतात, त्यांच्याकडे जा. बिनधास्त जा, त्यासाठीच ते निवडून आलेले असतात.

आणि ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत आहे, वर हत्तीचा वातकुक्कुट. तिच्यात संस्कृत श्लोक कोरलेली शिळा आहे. परक्या गावात अचानक भिंतीवर देवनागरी दिसते तेव्हा पाय थांबतातच.

तुम्ही बोलवा

सोशल सेक्रेटरी झाल्यावर मला दिसलं की चाळीस जणांच्या ईमेलला बारा येतात आणि त्या बारांतले आठ दर वेळी तेच. उरलेले अठ्ठावीस खोलीत बसून कुणीतरी बोलवायची वाट बघत असतात. मी त्यांच्यातच होते. म्हणून हे करून पाहा: 'कधीतरी भेटू' म्हणू नका, त्याचा तिथे काहीच अर्थ होत नाही. 'रविवारी चार वाजता, माझ्या खोलीत, चहा, पाच वाजता संपेल' असं सांगा. संपायची वेळ सांगितली की बुजरे लोक येतात. मी जिन्यावरची सहा दारं स्वतः वाजवली. पहिल्या रविवारी दोघं आली, त्यातला एक कप धुवायला थांबला. सातव्या आठवड्यात खुर्च्या पुरेनात, दोघं पलंगावर आणि एक खिडकीच्या कट्ट्यावर. फुलं टांगणारी मुलगी त्या कट्ट्यावर बसायची.

निघताना गाऊन विकू नका, नव्या कुणाला द्या. माझा मी दोन जिने सोडून राहणाऱ्या एका मुलाला दिला. त्याने अंगात घालून आरशात बघितलं आणि विचारलं, या खांद्यावरून लोंबणाऱ्या पट्ट्या कशासाठी असतात?

"सायकलच्या चाकात अडकायला," मी म्हटलं. "निघताना त्या खिशात कोंबायच्या. आणि फॉर्मल सातचं असलं की सात म्हणजे सात."